स्वमग्न मुलासाठी ऑक्युपेशनल थेरपी : शोध, निवड आणि घरचा वाटा

ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजेच व्यवसायोपचार, ही रोजच्या जगण्यातली कामे माणसाला स्वतः करता यावीत यासाठी मदत करणारी उपचारशाखा आहे. पक्षाघातानंतर हाताची ताकद गेलेल्या माणसाला पुन्हा सदऱ्याची बटणे लावता यावीत म्हणून ती प्रयत्न करते आणि स्वमग्न मुलाला जेवता, कपडे घालता, खेळता आणि वर्गात बसता यावे म्हणूनही. बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर ‘ओटी सुरू करा’ असे तीन शब्द लिहून मिळतात, तेव्हा बहुतेक पालकांनी हे नाव प्रथमच ऐकलेले असते. थेरपी म्हणजे नक्की काय, ती कोणाकडून घ्यायची, किती काळ, खर्च किती, फरक पडतो आहे हे ओळखायचे कसे, अशा प्रश्नांची उत्तरे त्यांना इकडून तिकडून गोळा करावी लागतात.

स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे. इतरांशी संवाद साधणे आणि नाते जुळवणे कठीण जाणे, त्याच त्या हालचाली, आवडी किंवा दिनक्रम यांना धरून राहणे आणि आवाज, स्पर्श, उजेड, चव यांना वेगळा प्रतिसाद देणे ही त्याची मुख्य लक्षणे. प्रत्येक मुलात त्यांचे प्रमाण वेगळे असते. एखादे मूल अखंड बोलते, पण समोरच्याच्या बोलण्यात सामील होत नाही; एखादे मूल शब्दच उच्चारत नाही, पण सगळे समजून घेते. आईवडिलांचे संगोपन कमी पडल्याने किंवा लसीमुळे स्वमग्नता येत नाही. जगभरातल्या अंदाजांनुसार सुमारे शंभर ते सव्वाशे मुलांमागे एक मूल स्वमग्न असते. म्हणजे मोठ्या शाळेत, मोठ्या गावात आणि प्रत्येक तालुक्यात अशी मुले आहेतच.

संवेदनांचा गोंधळ

स्वमग्न मुलांना ऑक्युपेशनल थेरपीकडे पाठवण्याचे सर्वांत मोठे कारण संवेदनांशी जोडलेले असते. डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा यांखेरीज आणखी दोन संवेदना शरीर सतत मेंदूला पुरवत असते. आतल्या कानातून तोल आणि गती कळते, तर स्नायू आणि सांध्यांमधून आपला हातपाय कुठे आहे आणि किती जोर लावला आहे हे कळते. या सगळ्या माहितीचा मेळ घालून मेंदू योग्य हालचाल ठरवतो. अनेक स्वमग्न मुलांमध्ये हा मेळ नीट बसत नाही. अमेरिकी व्यवसायोपचार तज्ज्ञ ए. जीन एअर्स यांनी या प्रक्रियेचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि १९७२ मध्ये पुस्तकरूपाने आपला ‘सेन्सरी इंटिग्रेशन’ सिद्धान्त मांडला. आज थेरपी केंद्रांत दिसणारे झोके, मोठे चेंडू, उड्या मारण्याच्या जाळ्या आणि चढण्याच्या भिंती यांचे मूळ त्यांच्या कामात आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेने संवेदनांना मिळणारा अति किंवा अल्प प्रतिसाद हा स्वमग्नतेच्या निकषांत समाविष्ट केला.

घरात ही लक्षणे अगदी साध्या प्रसंगांतून दिसतात. कुकरची शिट्टी किंवा मिक्सर सुरू होताच मूल कान झाकून दुसऱ्या खोलीत पळते. गणपतीच्या मिरवणुकीतला ढोल त्याला सहन होत नाही. गणवेशाच्या कॉलरमागची पट्टी टोचते म्हणून ते शाळेला निघतानाच रडू लागते. नखे काढणे, केस कापणे, डोक्यावरून आंघोळ घालणे हे रोजचे रणांगण होते. काही मुले फक्त कोरडे, कुरकुरीत पदार्थ खातात. वरण-भाताचा मऊ घास तोंडात गेला की उमासा येतो. याच्या उलट काही मुलांना संवेदना अपुऱ्या पडतात. ती सतत उड्या मारतात, गोल फिरतात, सोफ्यावरून स्वतःला झोकून देतात, गच्च मिठी मागतात किंवा सदऱ्याची बाही चघळत राहतात. एकाच मुलात दोन्ही प्रकार असू शकतात. हे हट्ट नाहीत आणि लाडाने बिघडल्याची खूणही नाहीत. मुलाच्या मज्जासंस्थेला त्या क्षणी काय झेपत नाही किंवा काय हवे आहे, हे त्या वागण्यातून समजते, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टचे काम तिथूनच सुरू होते.

थेरपीत नेमके काय होते

पहिली भेट मूल्यमापनाची असते. चांगला थेरपिस्ट आधी पालकांशी सविस्तर बोलतो. मूल सकाळी उठते कधी, दात कोण घासते, जेवण कसे होते, शौचाची सवय कितपत लागली आहे, झोप कशी आहे, शाळेत बाई काय सांगतात, घरात कोणकोण आहे आणि दिवसातली कोणती वेळ सर्वांत अवघड जाते, हे तो विचारतो. मग तो मुलाला खेळताना पाहतो. मूल पेन्सिल कशी धरते, पायऱ्या कशा उतरते, अनोळखी वस्तूला हात लावते की नाही, सांगितलेली दोन कामे त्याला पाठोपाठ करता येतात का, हे तपासतो. संवेदनांविषयीच्या प्रश्नावल्या आणि दैनंदिन कौशल्यांच्या मोजपट्ट्याही वापरल्या जातात. या सगळ्यातून उद्दिष्टे ठरतात.

थेरपीचा दर्जा या उद्दिष्टांवरून ओळखता येतो. ‘एकाग्रता वाढवणे’ किंवा ‘सेन्सरी सुधारणे’ ही उद्दिष्टे इतकी मोघम असतात की ती पुरी झाली की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. ‘तीन महिन्यांत मूल चमच्याने निम्मे जेवण स्वतः जेवेल’, ‘ब्रश तोंडात गेल्यावर एक मिनिट न रडता दात घासू देईल’, ‘वर्गात दहा मिनिटे जागेवर बसून चित्र रंगवेल’ ही उद्दिष्टे पालकांना स्वतः पाहून तपासता येतात.

एक सत्र साधारणपणे पाऊण तासाचे असते आणि आठवड्यातून दोन-तीन सत्रे सुचवली जातात. झोक्यावर बसवून चेंडू टोपलीत टाकायला सांगणे हे बाहेरून नुसता खेळ वाटते. प्रत्यक्षात त्यात तोल, नजर, हाताची दिशा आणि सूचना ऐकण्याची क्षमता ही सगळी एकाच वेळी कामाला लागतात. बोटांची ताकद वाढावी म्हणून माती मळणे, चिमट्याने मणी उचलणे, कात्रीने कागद कापणे असे उपक्रम असतात. कपडे घालण्यासारखे काम लहान पायऱ्यांत फोडून शिकवले जाते. पँट गुडघ्यापर्यंत चढवून देऊन ती फक्त वर ओढायला मुलाला सांगितले, की काम पूर्ण केल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो. मग एकेक पायरी मागे जात संपूर्ण कृती त्याच्या हाती येते. ज्या मुलांना तोंडी सूचना कळायला जड जातात त्यांच्यासाठी चित्रांचे वेळापत्रक भिंतीवर लावले जाते. कधी मुलाऐवजी परिसर बदलावा लागतो. टोचणारी पट्टी कापून टाकणे, ट्यूबलाइटऐवजी सौम्य दिवा लावणे, गोंगाटात कानावर आवाज कमी करणारे हेडफोन देणे हेही थेरपीचेच भाग आहेत.

ऑक्युपेशनल थेरपी एकटी पुरेशी नसते. भाषा आणि संवादासाठी स्पीच थेरपिस्ट, शिकण्यासाठी विशेष शिक्षक, वर्तनासाठी मानसशास्त्रज्ञ आणि या सगळ्यांत मेळ राखण्यासाठी बालविकासतज्ज्ञ लागतात. कोणत्या मुलाला काय आधी हवे हे वेगवेगळे असते. सगळ्या थेरपी एकदम सुरू करून दमलेल्या मुलाला दिवसभर केंद्राकेंद्रांतून फिरवणे हिताचे नसते.

पुरावा काय सांगतो

या उपचारांविषयी संशोधनाचे निष्कर्ष संमिश्र आहेत आणि पालकांना ते माहीत असले पाहिजेत. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चार ते आठ वर्षांच्या ३२ स्वमग्न मुलांवरील एका चाचणीत सेन्सरी इंटिग्रेशन थेरपी घेतलेल्या मुलांनी पालकांनी ठरवलेली उद्दिष्टे अधिक चांगल्या प्रकारे गाठली. त्यानंतर ब्रिटनमध्ये १३८ मुलांवर अधिक मोठी चाचणी झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत मुलांच्या वर्तनातील अडचणींवर या थेरपीचा नेहमीच्या सेवांपेक्षा अधिक परिणाम दिसला नाही. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच पालकांना सल्ला दिला होता, की अशी थेरपी व्यापक उपचार योजनेचा एक भाग म्हणून घ्यावी आणि ती उपयोगी पडते आहे का हे ठरावीक काळाने तपासावे.

याचा अर्थ ऑक्युपेशनल थेरपी निरुपयोगी आहे असा नाही. ज्या कामात मूल अडते आहे ते काम थेट शिकवणे, त्याचा रोज सराव करणे आणि पालकांना त्यात सामील करून घेणे याला भक्कम आधार आहे. निव्वळ झोक्यावर झुलवल्याने मूल बोलू लागेल, ही अपेक्षा मात्र निराधार आहे.

महाराष्ट्रातील परंपरा आणि पात्रता

भारतात या शास्त्राची मुहूर्तमेढ मुंबईत रोवली गेली. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहानंतर भारतालाच आपले मानणाऱ्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यालय सुरू केले. आशियातले हे असे पहिले विद्यालय मानले जाते. ‘ऑल इंडिया ऑक्युपेशनल थेरपिस्ट्स असोसिएशन’ ही देशव्यापी संघटना १९५२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारत होता. आज मुंबईत केईएम, शीव येथील लोकमान्य टिळक आणि नायर या महापालिका रुग्णालयांशी जोडलेली महाविद्यालये, हाजीअली येथील केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे या विषयाचे शिक्षण मिळते.

थेरपिस्टकडे ‘बॅचलर ऑफ ऑक्युपेशनल थेरपी’ ही पदवी हवी. तिच्यात चार वर्षांचे शिक्षण आणि त्यानंतर रुग्णालयातील इंटर्नशिप असते. शरीररचना, मज्जासंस्था, मानसशास्त्र आणि बालविकास हे विषय त्यात शिकवले जातात. २००२ च्या राज्य कायद्यान्वये महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद अस्तित्वात आली. राज्यात व्यवसाय करणाऱ्या थेरपिस्टची नोंदणी या परिषदेकडे असते. विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी वेगळ्या संस्थेकडे, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते. फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट हे दोन वेगळे व्यावसायिक आहेत. शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम करून ‘सेन्सरी थेरपिस्ट’ अशी पाटी लावणारी व्यक्ती या दोहोंत बसत नाही. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही. पात्र थेरपिस्ट तो सहज सांगतो.

सुरुवात कुठून करावी

शंका आल्यावर थांबू नये. बारा महिन्यांपर्यंत नावाने हाक मारल्यावर वळून न पाहणे, दीड वर्षापर्यंत बोटाने वस्तू न दाखवणे, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द न येणे, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडून न बोलणे किंवा आलेले शब्द पुन्हा जाणे, ही तपासणीची ठोस कारणे आहेत. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे काकाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते’ अशा घरच्या दिलाशांमुळे मोलाची वर्षे हातची जातात. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी ‘एम-चॅट’ ही वीस प्रश्नांची चाळणी बालरोगतज्ज्ञ वापरतात. ती निदान करत नाही. पुढची तपासणी हवी की नाही एवढेच सांगते. सोबत कानांची तपासणी करून घ्यावी, कारण ऐकू न येणाऱ्या मुलाची लक्षणे कधीकधी अशीच दिसतात. निदानाच्या कागदावर शिक्का बसेपर्यंत थेरपी लांबवण्याची गरज नसते. ज्या कामात मूल मागे आहे त्यात मदत लगेच सुरू करता येते.

सरकारी व्यवस्थेत पहिला दरवाजा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आहे. देशभर राबवल्या जाणाऱ्या या कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाला. त्याची पथके अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात आणि विकासात मागे असलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. ‘डीईआयसी’ या नावाने ओळखले जाणारे हे केंद्र बहुधा जिल्हा रुग्णालयाच्या आवारात असते आणि तेथील सेवा मोफत असतात. तज्ज्ञांची पदे सगळीकडे सारखी भरलेली नसतात, म्हणून आधी चौकशी करून जावे. अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्याकडून या केंद्राचा पत्ता मिळतो.

दुसरा मार्ग शिकवणाऱ्या रुग्णालयांचा. मुंबईतल्या महापालिका रुग्णालयांत आणि नागपूरच्या शासकीय रुग्णालयात नाममात्र शुल्कात थेरपी मिळते. गर्दी आणि प्रतीक्षा असते, पण अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली मूल्यमापन होते. एकदा तिथे सविस्तर तपासणी करून घरचा कार्यक्रम लिहून घेणे आणि नियमित थेरपी घराजवळ घेणे, ही विभागणी अनेक कुटुंबांना सोयीची पडते. तिसरा मार्ग स्वयंसेवी संस्थांचा. मुंबईतील ‘उमीद’ ही संस्था २००१ पासून मुलांच्या विकासविषयक अडचणींवर काम करत आहे. पुण्यातील ‘प्रसन्न ऑटिझम सेंटर’ स्वमग्न मुलांसाठीच वाहिलेले आहे. मुंबईत ‘फोरम फॉर ऑटिझम’सारखे पालकांचे गटही आहेत. कोणत्या भागात कोण प्रामाणिकपणे काम करते, कोणत्या शाळेत मुलाला सामावून घेतात, ही माहिती अशा गटांतून जितकी नेमकी मिळते तितकी क्वचितच कुठे मिळते.

निवडताना काय विचारावे

खासगी केंद्रात नाव घालण्यापूर्वी काही प्रश्न विचारून घ्यावेत. स्वमग्न मुलांबरोबर थेरपिस्टने किती काळ काम केले आहे? सत्र स्वतः घेणार की साहाय्यकावर सोपवणार? उद्दिष्टे लेखी देणार का आणि त्यांचा आढावा किती महिन्यांनी घेणार? पालकांना सत्र पाहता येईल का? घरी काय करायचे हे शिकवणार का? मूल रडू लागले, घाबरले तर काय करणार?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विशेष लक्ष देऊन ऐकावे. मुलाला जबरदस्तीने धरून ठेवणे, नको असलेला स्पर्श लादणे, रडून दमेपर्यंत खोलीत कोंडणे याला थेरपी म्हणता येत नाही. मूल नव्या जागी सुरुवातीला रडू शकते, पण काही आठवड्यांनंतरही केंद्राच्या दाराशी येताच ते भेदरत असेल तर त्यामागचे कारण शोधलेच पाहिजे. दार कायम बंद ठेवून पालकांना बाहेर बसवणारे केंद्र, एकही लेखी नोंद न देणारा थेरपिस्ट, सगळ्या मुलांना एकच ठरलेला साचा आणि वर्षभराचे पैसे आगाऊ मागणारी ‘पॅकेजे’ या धोक्याच्या खुणा आहेत.

सर्वांत मोठी खूण म्हणजे बरे करण्याची हमी. स्वमग्नता हा आजार नसून आयुष्यभराची जडणघडण आहे. योग्य मदतीने मूल खूप काही शिकते, पण ‘सहा महिन्यांत ऑटिझम घालवून दाखवू’ असे म्हणणारा माणूस पालकांच्या अगतिकतेचा व्यापार करत असतो. स्वमग्नतेवर मूलपेशी उपचार, म्हणजे स्टेम सेल थेरपी, करण्याची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही अशा जाहिरातींमागे घरदार विकून पैसे उभे करणारी कुटुंबे आहेत. शरीरातले जड धातू काढण्याची औषधे आणि उच्चदाबाच्या प्राणवायूच्या पेट्या यांनाही स्वमग्नतेसाठी शास्त्रीय आधार नाही, आणि त्यातले काही उपाय मुलाच्या जिवावर बेतू शकतात.

खर्च आणि सरकारी आधार

मोठ्या शहरांतल्या खासगी केंद्रात एका सत्रासाठी काहीशे ते हजारभर रुपये लागतात. आठवड्यातून दोन-तीन सत्रे वर्षानुवर्षे चालली, तर मध्यमवर्गीय घराचे गणितही कोलमडते. अनेक घरांत आईची नोकरी सुटते आणि त्यामुळे एक उत्पन्नही कमी होते. म्हणून उपलब्ध सवलती वेळेवर घ्याव्यात.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने मान्य केलेल्या २१ दिव्यांगत्वांमध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी आणि ‘यूडीआयडी’ या वैश्विक ओळखपत्रासाठी ‘स्वावलंबन’ या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करून ठरवून दिलेल्या रुग्णालयात तपासणीला जावे लागते. स्वमग्नतेचे प्रमाण मोजण्यासाठी भारतात ‘इसा’ ही ४० मुद्द्यांची मोजपट्टी तयार झालेली आहे. नातेवाइकांत बोभाटा होईल या भीतीने अनेक पालक प्रमाणपत्र टाळतात. प्रमाणपत्राने मुलाची क्षमता कमी होत नाही. त्याचे हक्क तेवढे पदरात पडतात.

१९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना स्वमग्न व्यक्तींना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. तिच्यात नियमित थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो, म्हणून प्रत्येक सत्राची पावती जपून ठेवावी. आयकराच्या जुन्या पद्धतीत दिव्यांग अवलंबिताच्या पालकांना ७५ हजार रुपयांची आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असल्यास सव्वा लाखाची वजावट आहे. गावाहून शहरात थेरपीसाठी येणाऱ्यांना एसटीच्या प्रवाससवलतीचाही आधार होतो.

घरचा वाटा

आठवड्यातले तीन सत्रांचे तास धरले तरी ते सव्वादोनच्या आसपास भरतात. मुलाचे उरलेले जागेपणाचे तास घरात, अंगणात आणि शाळेत जातात. म्हणून थेरपिस्टने दाखवलेली कृती घरच्या दिनक्रमात मिसळली तरच ती मुरते. यासाठी महागडी साधने लागत नाहीत. कणीक मळणे, मटार सोलणे, लिंबू पिळणे, ओले कपडे पिळून वाळत घालणे यातून बोटांना आणि मनगटाला ताकद मिळते. पाण्याची छोटी बादली उचलून झाडांना पाणी घालणे, गाद्या ओढणे, बाजाराची हलकी पिशवी धरणे यातून स्नायूंना जोर मिळतो आणि बरीच मुले शांत होतात. घरातला झोका उपयोगी आहे, पण किती वेळ आणि कोणत्या गतीने हे थेरपिस्टला विचारून ठरवावे. काही मुले अतिझोक्याने उलट अस्वस्थ होतात. वजनदार पांघरुणे लहान मुलांसाठी धोक्याची ठरू शकतात, ती स्वतःहून वापरू नयेत.

नवा पदार्थ खाऊ घालताना बळजबरी करू नये. आधी तो ताटात नुसता असू द्यावा, मग हात लावू द्यावा, मग वास, मग जिभेला स्पर्श, असे टप्पे काही आठवड्यांचे असतात. केस कापण्याआधी मशीनचा आवाज दुरून ऐकवणे, दिवाळीच्या फटाक्यांआधी घरातली शांत खोली ठरवून ठेवणे, लग्नाला जाण्यापूर्वी तिथे काय होणार हे चित्रांतून सांगणे, या तयारीने पुष्कळ रडारड टळते. आजी-आजोबांनाही थेरपीच्या एखाद्या सत्राला न्यावे. आई स्वतः जेवायला शिकवते आणि आजी मायेने भरवते, अशा ओढाताणीत मुलाचे शिकणे मागे पडते.

थेरपिस्ट शहरांत एकवटलेले आहेत, ही राज्यातली मोठी उणीव आहे. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या दुर्गम गावातून आठवड्यातून तीनदा सत्राला जाणे कोणालाच शक्य नाही. अशा कुटुंबांनी महिना-दोन महिन्यांतून एकदा सविस्तर भेट घ्यावी, घरचा कार्यक्रम समजून घ्यावा, मोबाइलवर चित्रफिती पाठवून सल्ला घ्यावा. पालकांना शिकवण्याचा मार्ग परिणामकारक ठरतो, याला आपल्या शेजारचाच पुरावा आहे. गोव्यातील ‘संगत’ संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे दोन ते नऊ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांच्या कुटुंबांबरोबर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित आणि देखरेखीखालील कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद साधायला शिकवले, तेव्हा पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले स्वतःहून अधिक संवाद सुरू करू लागली. ती चाचणी संवादाविषयीची होती. तरी तज्ज्ञांची वानवा असलेल्या भागांत काय उभे करता येईल याचा आराखडा तिच्यातून मिळतो.

शाळेशी जोड

थेरपिस्ट आणि वर्गशिक्षक एकमेकांशी बोलले नाहीत, तर थेरपीत शिकलेले थेरपीतच राहते. थेरपिस्टने शिक्षकांसाठी एक पानभर सूचना लिहून द्याव्यात. मुलाला खिडकी-दारापासून दूर, पुढच्या बाकावर बसवावे. तासाच्या मध्ये खडू आणण्यासारखे काम देऊन हलू द्यावे. पेन्सिलीला जाड पकड लावू द्यावी. प्रार्थनेच्या वेळचा गोंगाट सहन होत नसेल तर त्याला कडेला उभे राहू द्यावे. या गोष्टींना पैसा लागत नाही. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे. राज्य मंडळाच्या परीक्षांत अशा विद्यार्थ्यांना जादा वेळ आणि लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यांसाठी अर्ज परीक्षेच्या तोंडावर न करता वेळेत करावा.

थेरपी कधी थांबवावी, हाही विचार करावा लागतो. ठरवलेली उद्दिष्टे गाठली की सत्रे कमी करून नवे उद्दिष्ट घ्यावे. तीन-चार महिन्यांत काहीच बदल नसेल तर थेरपिस्टशी मोकळेपणाने बोलून पद्धत बदलावी, नाहीतर दुसरे मत घ्यावे. वय वाढते तशा गरजाही बदलतात. पौगंडावस्थेत मासिक पाळी सांभाळणे, दाढी करणे, सुटे पैसे मोजणे, बसने एकट्याने जाणे, स्वयंपाकात हातभार लावणे आणि पुढे एखादे काम शिकणे, या प्रत्येक टप्प्यावर ऑक्युपेशनल थेरपीचा उपयोग होतो.

केंद्र किती मोठे, साधने किती रंगीबेरंगी, फी किती, यावरून थेरपीची पारख होत नाही. सहा महिन्यांपूर्वी मुलाला जे जमत नव्हते त्यातले आज काय जमते, आणि घरातला एखादा अवघड तास थोडा सोपा झाला का, एवढे दोन प्रश्न प्रत्येक पालकाने विचारत राहावेत. आणि ज्या जिल्ह्यात शीघ्र हस्तक्षेप केंद्रातले थेरपिस्टचे पद रिकामे आहे, तिथल्या पालकांनी, शिक्षकांनी आणि लोकप्रतिनिधींनी ते भरण्याची मागणी एकत्रितपणे लावून धरावी.